रनवे दिसतोय ना, मग झालं?

कमांड अपग्रेड म्हणजे उजव्या सीटवरून डाव्या सीटवर जाणं, फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन होणं. आधी ग्राउंड क्लासेस, मग सिम म्हणजे सिम्युलेटर, मग लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी उड्डाणांवर, ट्रेनर कॅप्टनच्या नजरेखाली फ्लाइट्स आणि शेवटी रूट चेक, म्हणजे खऱ्या फ्लाइटवरची परीक्षा. यात लोक टरकून असतात ते इंजिन फेल, धूर, हायड्रॉलिक्स गेलं असल्या सेशन्सना. व्हिज्युअल अप्रोचचं सेशन आलं की सगळे रिलॅक्स, स्वच्छ हवा, समोर रनवे, उतरवा की! माझं डोकं मात्र अख्ख्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त खाल्लं ते याच सेशनने, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. विमानातलं काहीच माहीत नसलेल्यांनाही कळेल असा प्रयत्न आहे, लाइनवाल्यांनी सांभाळून घ्या.

एरवी आपण उतरतो तेव्हा बहुतेक वेळा आयएलएस असतो. जमिनीवरून दोन रेडिओ बीम येतात, एक सांगतो डावीकडे आहेस का उजवीकडे, दुसरा सांगतो वर आहेस का खाली, ते दोन्ही स्क्रीनवर दिसतं आणि ऑटोपायलट तेच धरून खाली येतो. व्हिज्युअलमध्ये तुम्ही एटीसीला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला, सांगता रनवे दिसतोय, ते म्हणतात क्लिअर्ड व्हिज्युअल अप्रोच, आणि तिथून पुढे कुठे वळायचं, किती खाली यायचं, चाकं कधी काढायची सगळं तुमच्यावर. पुढचं विमान दिसतंय म्हणालात तर त्याच्यापासून अंतर ठेवणंही तुमच्याच गळ्यात. आपल्याकडे लाइनवर हे फारसं मिळत नाही, रडार व्हेक्टर, म्हणजे एटीसीने सांगितलेल्या दिशा, घ्या नि आयएलएसवर या, महिनोन्महिने तेच चालू असतं.

आमचे ट्रेनर एअरफोर्समधून आलेले, नागपूरकडचे, क्लासमध्ये इंग्रजी आणि चहाला मराठी. पहिल्याच ब्रेकमध्ये मला म्हणाले, "पार्ल्याचा ना तू? मग सांग, जुहूला डीसी-8 कशी काय उतरली?"

मला अर्धवट माहीत होतं. 24 सप्टेंबर 1972, जपान एअरलाइन्सचं लंडनहून टोकियोला निघालेलं विमान, मध्ये मुंबईचा थांबा. उतरायचं होतं सांताक्रूझच्या रनवे 09 वर आणि उतरलं जुहूच्या 08 वर. नकाशा डोळ्यांसमोर आणा, समुद्रावरून पूर्वेकडे येताना आधी जुहू लागतं आणि त्याच्यामागे, जरा आत, सांताक्रूझ, दोन्ही रनवे जवळजवळ एकाच दिशेला. जुहूचा रनवे अगदीच आखूड, डीसी-8 त्यात मावणार कुठून, पलीकडे गेली, विमान कायमचं निकामी, माणसं वाचली हे नशीब. आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. 1953 च्या जुलैमध्ये बीओएसीचं कॉमेट जेट असंच चुकून जुहूला उतरलं होतं, ते बापडं धड थांबलं आणि काही दिवसांनी हलकं करून परत उडवून नेलं. मी आयुष्यभर जुहूवरून हेलिकॉप्टरं उडताना बघत आलोय, तिथे चार इंजिनांचं जेट ही कल्पनाच करवत नाही.

"आता मला सांग, त्यांना रनवे दिसत नव्हता का?" सर म्हणाले. "चांगला दिसत होता की. दिसला म्हणूनच उतरले. दिसला नसता तर गो-अराउंड करून परत आले असते." गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं.

दुपारी क्लासमध्ये दोन अपघात शेजारी शेजारी मांडले. एक आपला, 14 फेब्रुवारी 1990, इंडियन एअरलाइन्स 605, मुंबईहून बंगलोर, एअरबस ए320, तेव्हा हे विमान आपल्याकडे अगदी नवंकोरं होतं. दुसरा 6 जुलै 2013, एशियाना 214, सोलहून सॅन फ्रान्सिस्को, बोइंग 777. मध्ये तेवीस वर्षं, विमानं वेगळी, देश वेगळे. पण दोन्हीकडे दिवसाचा उजेड, हवा स्वच्छ, व्हिज्युअल अप्रोच. दोन्हीकडे डाव्या सीटवर ट्रेनिंग किंवा चेक चालू असलेला माणूस आणि उजवीकडे त्याला तपासणारा. म्हणजे लवकरच मी जिथे बसणार होतो तीच सीट. आणि दोन्हीकडे इंजिनं आयडलवर, स्पीड घसरतोय, आणि दोघांचीही समजूत की स्पीड ऑटोमॅटिक सांभाळला जातोय.

605 चं जरा सांगतो, कारण तेच विमान आम्ही रोज उडवतो. एअरबसमध्ये फ्लाइट डायरेक्टर असतो, एफडी म्हणतात, स्क्रीनवर रेषा येतात, त्यांच्यामागे जायचं. ओपन डिसेंट नावाच्या मोडमध्ये इंजिन आयडलला जातं आणि स्पीड नाक वरखाली करून सांभाळायचा असतो. व्हिज्युअलला दोन्ही एफडी बंद केले की ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप कमीजास्त करणारा भाग, मुकाट्याने स्पीड मोडमध्ये येतो आणि इंजिनं स्पीड धरतात. दोन्ही, हं. त्या दिवशी एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला, त्यामुळे थ्रस्ट आयडललाच चिकटून बसला. त्याआधी आणखी एक गडबड झाली असावी अशी शक्यता चौकशीत मांडली गेली, व्हर्टिकल स्पीडच्या खुंटीवर मिनिटाला 700 फूट लावायचं ते शेजारच्या अल्टिट्यूडच्या खुंटीवर 700 लागलं. दोन्ही खुंट्या एकमेकींना खेटून आहेत, मी रोज बघतो. विमान रनवेच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आपटलं. 146 पैकी 92 माणसं गेली.

एशियानात सॅन फ्रान्सिस्कोच्या 28 लेफ्टचा ग्लाइडस्लोप, म्हणजे तो वरखालीवाला बीम, रनवेच्या कामासाठी बंद होता. डावीकडचा कॅप्टन आधी ए320 उडवायचा, 777 वर नवीन. वर राहिले म्हणून खाली यायच्या घाईत मोड बदलत गेले आणि ऑटोथ्रॉटल (बोइंगमधला ऑटोथ्रस्ट) होल्डमध्ये जाऊन बसला, होल्ड म्हणजे तो आता काहीही करणार नाही. 137 नॉटचं टार्गेट, आपटायच्या आधी स्पीड 103 पर्यंत आला होता. तिघं गेले. 307 माणसं होती विमानात, बाकीचे वाचले हे केवढं म्हणायचं.

एवढं ऐकून कोणालाही वाटेल की हे ऑटोमेशनचं प्रकरण आहे, मोड नीट पाठ करा, संपलं. मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. मग सिम झालं.

आमचा स्लॉट रात्री दोनचा. सिम चोवीस तास चालतं आणि चांगले स्लॉट आपल्या वाट्याला येत नाहीत हा या धंद्याचा नियम आहे. माझा पार्टनर कोचीचा, शांत, माझ्यापेक्षा हात चांगला. नागपूर लोड केलं होतं, दिवसाची वेळ, लेफ्ट हँड सर्किट, म्हणजे रनवे डावीकडे ठेवून त्याला समांतर उलट दिशेने जायचं, जमिनीपासून 1500 फुटांवर, रनवेचं टोक बाजूला आलं की घड्याळ लावायचं, साधारण पंचेचाळीस सेकंद, मग वळायचं. नागपूरची जमीनच समुद्रसपाटीपासून हजारेक फूट वर, म्हणून अल्टिमीटरवर दिसतात 2500. हा हिशोब बसून करायला सोपा आहे.

पहिलं जे जाणवलं ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये मला सापडलं नव्हतं. डाव्या सर्किटमध्ये उजव्या सीटवरून रनवे दिसतच नाही! इतकी वर्षं उजवीकडे बसून मी पुढे झुकून, मान काढून, कॅप्टनच्या खांद्यावरून बघत आलो होतो आणि त्याचं काही वाटायचं नाही. आता डावीकडे बसल्यावर रनवे खिडकीत अख्खा, सुंदर, पट्टे सुद्धा मोजता येतील असा. आणि तो इतका छान दिसत असतो की नजर तिथून निघत नाही. हातही उलटे झालेले, साइडस्टिक डाव्या हातात, थ्रस्ट लिव्हर उजव्या, त्यात अर्धं लक्ष. आणि शेजारचा, ज्याने खरं तर आत बघायचं, स्पीड बघायचा, तो काय करत असतो, तर पुढे झुकून, मान काढून, माझ्या खांद्यावरून रनवे शोधत असतो. दोन माणसं, चार डोळे, सगळे बाहेर.

मी उडवत होतो. बेस टर्नच्या, म्हणजे रनवेकडे वळायच्या, आधी सरांनी मागून एटीसी बनून ट्रॅफिक दिला, एक एटीआर (छोटं पंख्याचं विमान) फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत शेवटच्या टप्प्यावर, तुम्ही नंबर दोन, ट्रॅफिक दिसलं की सांगा. त्याच वेळी केबिनमधून कॉल, टिंग. पार्टनरने कॉल घेतला, मी एटीआर शोधतोय, मिळाला, दिसलं म्हणून सांगितलं, फ्लॅप्स टू, गिअर डाउन, वळायला लागलो, आणि सरांनी सिम फ्रीझ केलं.

"डोळे मिटा दोघांनी."

मिटले.

"रनवे कुठे आहे? बोट दाखव." मी दाखवलं, अगदी बरोबर, डोळे मिटून सुद्धा. "स्पीड किती?" मी सांगितला. "एफएमएच्या पहिल्या कॉलममध्ये काय आहे?" एफएमए म्हणजे स्क्रीनच्या डोक्यावरची ती पट्टी जिथे विमान आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. पार्टनर म्हणाला स्पीड मोड. "वारा?" "गो-अराउंड करायचं झालं तर किती फुटांपर्यंत?" "एटीआरने रनवे सोडला का?" आम्ही एकेक करून सांगत गेलो, मग डोळे उघडायला सांगितलं. बहुतेक सगळं बरोबर होतं. मी मनात म्हटलं चला.

सर म्हणाले, "बरोबर आहे. पण बघून सांगितलंस का असायला पाहिजे म्हणून सांगितलंस?"

मी गप्प. पार्टनरला मराठी येत नाही, त्याला हिंदीत परत तेच विचारलं, तोही गप्प. कारण खरंच, तो स्पीड मी शेवटचा कधी वाचला होता ते मला सांगता येईना. मी तो लावला होता, म्हणून तो तेवढा असणार. एफडी बंद केले होते म्हणून स्पीड मोड असणार. ते तसं होतं म्हणून ठीक, पण माझ्या डोक्यातलं चित्र आणि विमानाची खरी अवस्था यांचा संबंध तुटून किती सेकंद झाले होते कोण जाणे, आणि तुटल्याचं कळायला काही कारणच नव्हतं, कारण समोर रनवे होता ना.

ही फ्रीझ करून विचारायची पद्धत सरांची स्वतःची नाही. मिका एंड्सली नावाच्या संशोधक आहेत, सिच्युएशनल अवेअरनेसवर, म्हणजे आजूबाजूला काय चाललंय याच्या भानावर, सगळ्यात जास्त नाव त्यांचंच घेतलं जातं, ही पद्धत त्यांनी आणली. त्यांच्या तीन पायऱ्या सीआरएमच्या (कॉकपिटमधल्या टीमवर्कच्या) प्रत्येक क्लासमध्ये घोकून घेतात, आधी टिपणं, मग त्याचा अर्थ लावणं, मग पुढे काय होणार ते ओळखणं. परीक्षेला हे लिहून मार्क मिळतात. पण व्हिज्युअलमध्ये नेमकं काय होतं ते मला त्या रात्री समजलं. पहिली पायरी आपण चढतच नाही, तिथे अपेक्षा येऊन बसते, आणि वरच्या दोन पायऱ्या त्या अपेक्षेवर मस्त चालू राहतात. आयएलएसवर सुई हलली की कोणीतरी टोकतं. व्हिज्युअलमध्ये टोकणारं कोणी नाही, तुम्ही आपणहून आत बघायला जायचं, आणि जायचं कशाला, रनवे तर दिसतोय.

आता टोरोंटोहून आलेलं एअर कॅनडा 759 बघा. आमच्याच स्लॉटसारखी वेळ. 7 जुलै 2017, सॅन फ्रान्सिस्कोला रात्रीचे बाराला चार मिनिटं कमी, म्हणजे टोरोंटोच्या घड्याळात पहाटेचे तीन, कॅप्टन एकोणीस तासांपेक्षा जास्त वेळ जागा. तिथे समांतर दोन रनवे, 28 लेफ्ट आणि 28 राइट. लेफ्ट त्या रात्री बंद, दिवे बंद. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, होता, पण 27 पानांच्या कागदपत्रांत 8 व्या पानावर. आता क्रूच्या डोक्यात चित्र काय, दोन रनवे, मला उजवा. बाहेर दिसलं काय, दिव्यांच्या दोन पट्ट्या. मग उजवीकडची ती आपली. ती टॅक्सीवे होती, म्हणजे विमानांना रनवेपर्यंत नेणारा रस्ता, आणि त्याच्यावर टेकऑफची वाट बघत चार विमानं ओळीने उभी होती, माणसांनी आणि इंधनाने भरलेली.

त्यांना शंका आली सुद्धा, त्यांनी टॉवरला विचारलं, रनवेवर काही दिवे दिसताहेत, क्लिअर आहे ना? टॉवर म्हणाला 28 राइटवर तुमच्याशिवाय कोणी नाही. जे खरंच होतं! उभ्या विमानांपैकी एका पायलटने रेडिओवर विचारलं हा कुठे चाललाय, दुसऱ्याने आपले लँडिंग लाइट लावले, आणि शेवटी यांनी गो-अराउंड केला, सगळ्यात खाली गेले तेव्हा जमिनीपासून सुमारे 60 फूट. त्या रांगेत एक ए340 होतं, त्याची शेपटीच 50 फुटांच्या वर असते. एका सुईने हे थांबलं असतं. त्या अप्रोचला 28 राइटच्या आयएलएसची फ्रीक्वेन्सी हाताने लावायची असते, ती लावलेली नव्हती. आणि शेजारचा फर्स्ट ऑफिसर त्या वेळी खाली मान घालून सेटिंग्ज करत होता, त्याने वर बघितलं तेव्हा विमान कशाशी तरी व्यवस्थित लाइन अप झालेलं होतं, मग कशाला शंका घेईल.

आपल्याकडचं म्हणाल तर 7 सप्टेंबर 2018, एअर इंडियाचं ए320 निओ, तिरुवनंतपुरमहून मालेला, दिवसाढवळ्या बांधकाम चालू असलेल्या नव्या रनवेवर उतरलं. जुना शेजारीच, वापरातला. नवा मोठा, स्वच्छ, ठसठशीत. टायर गेले, माणसं वाचली. मालेला मी उजव्या सीटवरून गेलोय, चहूबाजूंनी पाणी, पाण्याला काही मापच नाही, आपण किती उंचावर आहोत ते डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि त्यात बेटावर एक लांब पट्टी दिसली की डोळे तिला जाऊन मिठीच मारतात. मला त्या क्रूबद्दल बोलताना जीभ जड होते खरं सांगतो.

दुसऱ्या सेशनला सरांनी रात्र लावली, रनवेच्या अलीकडे सगळा काळोख, फक्त रनवेचे दिवे. याला ब्लॅक होल म्हणतात. मला माहीत होतं की असं असलं की आपण आहोत त्यापेक्षा उंचावर वाटतो आणि नकळत खाली खाली येतो, पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, आणि तरीही पोटातून येणारी भावना हीच की वर आहे, वर आहे, नाक खाली घे. अरुंद रनवे असला तरी तसंच, रनवे पुढे चढता असला तरी तसंच. यावर उपाय एकच, आकडे. अंतर गुणिले तीनशे, पाच मैलांवर 1500 फूट, तीन मैलांवर 900. ग्राउंड स्पीडच्या पाचपट व्हर्टिकल स्पीड, 140 नॉटला मिनिटाला 700. रनवेशेजारी चार पापी लाइट्स असतात, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली. ते सुद्धा नुसतं बघायचं नाही, मोठ्याने बोलायचं. "चार मैल, 1200 पाहिजे, 1150 आहे." दोघांनी बोलायचं. हे बडबड वाटतं आणि आहेच, पण बोलल्यावर आकडा खरंच वाचावा लागतो, अंदाजाने बोललं तर शेजारचा लगेच पकडतो. पार्टनरने मला त्या रात्री दोनदा पकडलं आणि मी त्याला, सकाळी सहाला कँटीनमध्ये पोहे खाताना त्याचीच मारामारी चालू होती.

आणि एक शिस्त, उडवणारा बाहेर तर दुसरा आत, अदलाबदल करायची तर सांगून करायची. सर्किट असं असेल की रनवे मला दिसत नाही, शेजारच्याला दिसतो, तर वळण कधी घ्यायचं ते तो सांगणार आणि मी आकडे बघणार, मान काढायची नाही. ऐकायला इतकं साधं आहे. करून बघा.

लाइन ट्रेनिंगमध्ये वेगळे ट्रेनर होते, एक मॅडम, कमी बोलणाऱ्या. एका संध्याकाळी हवा काचेसारखी, एटीसीने आपणहून विचारलं व्हिज्युअल घेणार का, लवकर उतरवतो. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कॅप्टन, तुम्ही सांगा." मी हो म्हटलं, पण आधी रनवेचा आयएलएस लावून सुया स्क्रीनवर आणल्या, अंतर समोर येईल असं केलं, एफडी दोन्ही बंद आणि तसं एफएमएवर वाचलं, शेजारी समांतर टॅक्सीवे कुठल्या बाजूला आहे ते बोलून घेतलं, आणि 1000 फुटांना सगळं जागेवर नसेल तर गो-अराउंड हे आधीच ठरवलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या की टॅक्सीवेचं बोललात ते बरं केलंत, बहुतेक लोक रनवेबद्दलच बोलतात.

यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे. काही सिनियर कॅप्टन व्हिज्युअल घेतच नाहीत, सरळ नाही म्हणतात, आयएलएस द्या. कंपन्यांनाही ते सोयीचं, डेटामध्ये सगळं छान दिसतं. मला ते पटत नाही. एशियानाचा तो कॅप्टन नंतर म्हणाला होता की ग्लाइडस्लोपशिवाय अप्रोच करायचा या विचारानेच ताण आला होता, आणि ग्लाइडस्लोप बंद होणं ही काय दुर्मिळ गोष्ट आहे का, रनवेचं काम निघालं की बंदच. टाळत टाळत गेलात तर ज्या दिवशी टाळता येणार नाही त्या दिवशी हात पण नवखे आणि डोळे पण. पार्टनर म्हणतो बरोबर आहे पण पहाटेच्या लँडिंगला, चौथ्या सेक्टरला (दिवसातल्या चौथ्या उड्डाणाला), मी नाहीच म्हणणार, आणि त्यालाही मी चूक म्हणू शकत नाही. गो-अराउंड केला म्हणून कोणाला जाब विचारायचा नाही असं डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, धोरण आहे, तसंच व्हिज्युअल नाकारला म्हणून पण विचारू नये, फक्त कधीच घेत नसेल तर सिममध्ये त्याच्याकडून जास्त करून घ्यावेत एवढं माझं म्हणणं.

रूट चेकला मला नेमका आयएलएस मिळाला, लांबलचक सरळ फायनल, ढग सुद्धा नाहीत. चेकरने व्हिज्युअलबद्दल अक्षर विचारलं नाही, डिब्रीफचा निम्मा वेळ टेक लॉगमधल्या (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतल्या) माझ्या अक्षरावर गेला.